रिॲक्टच्या आधी एक कोरे पान



‘सर, रिॲक्टच्या क्लासचे पैसे भरू का?’ असे पालक हल्ली विचारतात. मी म्हणतो, आज भरू नका. आधी मुलाला, मुलीला घरीच एक साधे वेबपान तयार करू द्या.

वेबपानात मजकुराची मांडणी एचटीएमएल करते, रंगरूप सीएसएस देते आणि हालचाल जावास्क्रिप्ट घडवते. रिॲक्ट हे या जावास्क्रिप्टवरच उभे आहे. फेसबुकने ते २०१३ साली सर्वांसाठी खुले केले. (काटेकोर मंडळी त्याला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात. तो वाद आपण सोडून देऊ.)

त्याची गरज का पडली, हे आम्हा शिक्षकांच्या हजेरीवरून कळेल. समजा, वर्गात ४० मुले आहेत. पडद्यावर प्रत्येक नावापुढे एक बटण आणि वर ‘हजर’, ‘गैरहजर’ असे दोन आकडे. साध्या जावास्क्रिप्टमध्ये बटण दाबल्यावर खूण बदलणे, एक आकडा वाढवणे आणि दुसरा कमी करणे, ही तिन्ही कामे आपणच लिहायची. आकड्यांपैकी एक जरी बदलायचा विसरला तरी बेरीज ४० येत नाही! रिॲक्टमध्ये हजर मुलांची यादी एकाच जागी ठेवतात. तिला ‘स्टेट’ म्हणतात. यादी बदलली की खुणा आणि आकडे तिच्यावरूनच नव्याने मांडले जातात. विद्यार्थ्याची ओळही एकदाच लिहून ४० वेळा वापरायची. तो झाला ‘कंपोनंट’. हे दोन शब्द उमगले की निम्मी भीती गेली.

म्हणून विद्यार्थ्यांनो, हाच तक्ता आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये करा. त्रास होईल, होऊ द्या. मग तोच रिॲक्टमध्ये करा. त्यासाठी लागणारे नोड आणि व्हीट विनामूल्य मितात, रिॲक्टची अधिकृत पाठमालाही फुकट आहे. चूक झाली की इंग्रजीत लाल ओळी येतील. घाबरू नका, त्यांत बहुधा चुकीच्या ओळीचा क्रमांकही असतो.

पाया का, तेही सांगतो. गूगलचे अँग्युलरजेएस २०१० साली आले, त्याचा बराच बोलबाला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये गूगलने त्याची देखभाल थांबवली. ज्यांनी तेवढेच पाठ केले होते त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. जावास्क्रिप्ट मात्र १९९५ पासून चालू आहे.

पालकांना एकच विनंती. घरात एकच संगणक असला की तो भावाकडे जातो. बहिणीलाही रोज तासभर बसू द्या. तक्ता झाला की दोघांनीही मला शाळेत आणून दाखवावा. बेरीज मी स्वतः तपासीन.