जेम्स नदीवरचा पादचारी पूल

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल म्हणजे जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. व्हर्जिनियात तिला जेम्स नदी आडवी येते. पूर्वी पाठीवर ओझं घेतलेल्यांना ही नदी महामार्गाच्या पुलावरून, गाड्यांपासून अंग चोरत ओलांडावी लागे. नदीत एका जुन्या रेल्वेपुलाचे खांब मात्र तसेच उभे होते. बिल फूट या स्वयंसेवकाने ते खांब मिळवण्यासाठी खटपट केली, अनुदानाचे अर्ज भरले, वेगवेगळ्या खात्यांची मोट बांधली. २००० साली त्याच खांबांवर ६२५ फुटांचा, फक्त पायी जाणाऱ्यांसाठीचा पूल झाला आणि वाट तिकडे वळली. पुलाला नावही फूट यांचंच. गंमत अशी, की इंग्रजीत फूट म्हणजे पाऊल. ‘फूट ब्रिज’ ऐकून हे कुणाचं आडनाव असेल, असं मनातही येत नाही!