कढईतले तेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा कशावर बोलावे हा प्रश्न पडला. मी काही शिकलेली वक्ती नव्हे. माझे आयुष्य हॉटेलातल्या कढईपुढे गेले. म्हणून कढईतल्या तेलावरच बोलते.

आपल्या केशोरीच्या मिरचीचे नाव दूरवर आहे. गिऱ्हाईक मिरची पारखून घेते. पण ज्या तेलात भजी तळली, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. आम्हीही सांगत नसू. काल उरलेल्या तेलात आज नवे ओतायचे, उद्या त्यात आणखी. कढई म्हणून पूर्ण रिकामी होतच नसे. काटकसर म्हणजे हीच, असे मला वाटे.

आमच्याकडे रोज आलुबोंडे खाणाऱ्या एका गृहस्थांना हृदयाचे दुखणे झाले. ते आमच्या तेलाने झाले असे कोणी म्हटले नाही, आणि तसे मलाही म्हणता येत नाही. पण त्यांची बायको भेटायला आली, तेव्हा मला तिच्याकडे वर पाहवेना. त्या दिवशी मी ते काळे तेल टाकले आणि जाणत्यांना विचारू लागले.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, खाण्यास उत्तम ते तळण्यासही उत्तम, असे नाही. आपल्याकडचे जवसाचे तेल चटणीवर घ्यावे, गुणाचे आहे. पण त्याचे गुण फार नाजूक. कढईच्या आचेने ते लवकर बिघडते. सूर्यफूल व सोयाबीनचे तेलही फार वेळ तापवीत ठेवण्याजोगे नाही. पामतेल तापात टिकते व स्वस्त पडते, परंतु त्यातला जवळजवळ निम्मा भाग हृदयाला न मानवणाऱ्या चरबीचा असतो. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट तर त्याहून वाईट. ते शंभरात दोन भागांहून अधिक नसावे, असा नियम २०२२ पासून लागू आहे.

मग तळावे कशात? शेंगदाण्याचे तेल, नाहीतर तांदळाच्या कोंड्याचे. आपला हा धानाचा मुलूख. गिरणीतला कोंडा आपण गुरांपुढे टाकतो. त्याच कोंड्यातून कारखान्यात काढलेले तेल तळण्यास चांगले टिकते.

परंतु भगिनींनो, तेल कितीही चांगले आणले आणि आठवडाभर उकळले, तर ते विकत घेण्यात काय अर्थ? वारंवार तापलेल्या तेलात घातक द्रव्ये साठतात. ती शंभरात पंचवीस भागांवर गेली की ते तेल खाण्यास वापरू नये, असा सरकारी नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायचे यंत्र आपल्यापाशी नाही. पण डोळे आणि नाक आहे. तेल काळसर झाले, दाट झाले, फेस धरू लागले, नेहमीच्या आचेवरच धूर देऊ लागले, की ते संपले समजावे.

आता खर्चाचे. मी मोठी कढई उतरवून लहान, खोलगट कढई ठेवली. तेल कमी लागते आणि दिवसात बहुतेक संपते. बेसनाचे कण झाऱ्याने काढीत जाते, कढईवर मीठ टाकीत नाही, धूर येण्यापूर्वी आच कमी करते. संध्याकाळी उरलेले थोडे तेल गाळून दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीस घालते. तळणीला मात्र पुन्हा नाही. पहिल्या महिन्यात खर्च वाढला, घरात बोलणीही बसली. पण पुढे हिशेब जुळला; आणि न जुळता तरी मी मागे फिरले नसते.

आपल्यापैकी कितीतरी जणी बाजाराच्या दिवशी भज्यांचे दुकान मांडतात, शाळेतली पोरे आपल्याच हातचे खातात. तेव्हा आजच्या शुभदिनी एकच मागणे मागते: कालचे तेल आजच्या कढईत ओतू नका. आपल्या मुलाच्या पानात जे वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातात देऊ नका.