मुलांची न सांगितलेली दुखणी



मी आज मजुरीच्या दरावर किंवा तेंदूपत्त्याच्या बोनसवर बोलेन, अशी व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा असणार. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. पण मी विषय कळवला तो मुलग्यांच्या अंडकोषाच्या आणि वयात येण्याच्या विकारांचा. तेव्हा एका चालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, सभेला बायामाणसे असतात, विषय बदलता येणार नाही का?" मी म्हणालो, बायामाणसे असतात म्हणूनच तो बदलायचा नाही. मुलाला आंघोळ घालते ती आईच.

मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. हा विषय शिकण्याची पाळी माझ्यावर का आली, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एका तेंदूपत्त्याच्या फळीवर मजुरांच्या बैठकीसाठी गेलो होतो. रात्री बैठक चालू असताना चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा मोहाच्या झाडाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसला. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "पोट दुखते." त्याला एकदा ओकारीही झाली होती. "कैऱ्या खाल्ल्या असशील," असे म्हणून मी पुन्हा दराच्या हिशेबाकडे वळलो. आईने ओवा दिला, पुजाऱ्याने अंगारा लावला. सकाळी त्याला चालता येईना, तेव्हा बापाने पाहिले. एका बाजूचा अंडकोष सुजून लाल झाला होता. गाडी मिळवून शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार उलटली. डॉक्टरांनी ते वृषण काढून टाकले. ते मेले होते.

"रात्रीच का सांगितले नाहीस?" असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "एवढ्या माणसांत तिथे दुखते म्हणून कसे सांगू?" मजुराने आपले गाऱ्हाणे न भिता सांगावे, असे शिकवत मी गावोगाव फिरत होतो. त्या रात्री माझ्यासमोर एक मुलगा आपले गाऱ्हाणे सांगू शकला नाही, आणि मीही पुढे विचारले नाही.

त्या मुलाला झाले त्याला वृषणाला पीळ पडणे म्हणतात. वृषण एका दोरीसारख्या नाडीने लोंबत असते आणि तिच्यातूनच त्याला रक्त मिळते. विहिरीच्या दोराला पीळ बसावा तसा या नाडीला बसला की रक्त थांबते. ठेच लागावी लागत नाही. झोपेतही हे होते. बारा ते अठरा या वयात ते अधिक आढळते. दुखणे एकदम सुरू होते, मळमळ किंवा ओकारी होते, आणि पुष्कळदा मुलगा फक्त पोट दुखते एवढेच सांगतो. सुमारे ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते. पुढे प्रत्येक तासाला आशा कमी होत जाते. तरी उशीर झाला म्हणून घरी बसू नये. डॉक्टर पीळ सोडवतात आणि पुन्हा पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना टाके घालून ठेवतात.

हे ६ तास शहरातल्या मुलालाही तेवढेच आणि मुरूमगावच्या पलीकडच्या मुलालाही तेवढेच. मात्र आपले निम्मे तास वाटेतच जातात, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर सगळेच. म्हणून लाजेत घालवायला आपल्याजवळ एकही तास नाही. अशा वेळी शेकू नये, चोळू नये, सकाळची वाट पाहू नये. १०८ ची गाडी बोलवावी आणि कुठे दुखते ते फोनवरच स्पष्ट सांगावे. हे दुखणे जडलेल्या मुलाच्या आईबापांना आणखी एक सांगतो: एक वृषण गेले तरी दुसरे निरोगी असेल तर मुलगा पुढे बाप होऊ शकतो. त्याला अपुरा समजू नका.

दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांची. गर्भात वृषणे पोटात असतात आणि जन्माआधी खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत सुमारे ३ जणांचे एखादे वृषण उतरलेले नसते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण बरेच अधिक. पुष्कळांचे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांपर्यंत न उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया साधारण एक ते दीड वर्षाच्या आत व्हावी. पोटातली उष्णता वृषणाला मानवत नाही. तसेच राहिले तर पुढे संततीला अडचण येऊ शकते आणि त्या जागी कर्करोगाचा धोका वाढतो. थंडीने वृषण वर ओढले जाते आणि उबेत खाली येते, ते मात्र दुखणे नव्हे. म्हणून मातांनी ऊन पाण्याच्या आंघोळीच्या वेळी हाताने पाहावे.

तिसरी गोष्ट वयात येण्याची. मुलग्यात ही सुरुवात नऊ ते चौदा या वयात केव्हाही होते आणि तिची पहिली खूण म्हणजे वृषणे वाढू लागणे. नवव्या वर्षाआधीच खुणा दिसल्या, किंवा चौदा पूर्ण होऊनही काहीच दिसले नाही, तर तपासणी करावी. मुलींच्या बाबतीत हीच वये आठ आणि तेरा. उशिरा वयात येणारी कित्येक मुले निरोगीच असतात. घराण्यातच तसे असते. पण आपल्या जिल्ह्यात दोन कारणे विसरता येत नाहीत: अपुरे पोषण आणि सिकलसेल. सिकलसेलच्या मुलाची वाढ पुष्कळदा उशिराने होते. त्याच्या इंद्रियाला कधी कधी दुखरा ताठरपणा येतो आणि तो उतरत नाही. तसे चार तास राहिले तर तेही तातडीचेच दुखणे. लाजेपायी ते लपवणारी मुले मी पाहिली आहेत.

उलट, ज्यात काहीच बिघाड नाही अशा गोष्टींची भीती मुले बाळगतात. या वयात पुष्कळ मुलग्यांची छाती थोडी सुजते आणि बहुधा दोनएक वर्षांत उतरते. झोपेत वीर्य जाणे हाही रोग नव्हे. या भीतीवर बाजारात तंबू ठोकून बसणारे भोंदू पोट भरतात. आठवड्याची मजुरी अशा पुडीवर घालवलेले तरुण मजूर माझ्याकडे उसने मागायला आले आहेत.

हा विषय उघड्यावर आणणारा मी पहिला नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. खटला ते हरले, पण ज्ञानाला अश्लील ठरवू नये हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला. आपल्याच तालुक्यात, चातगावजवळच्या शोधग्रामात, डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून मुलामुलींशी हेच बोलणे मोकळेपणाने सुरू केले. मुंबईपुण्याच्या आधाराची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही.

तर माझ्या तीन मागण्या आहेत, आणि या वेळी त्या मालकाकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत. आईबापांनी मुलाला सांगून ठेवावे की तिथे दुखले तर रात्रीबेरात्री उठवायचे, कोणी रागावणार नाही. आश्रमशाळेच्या गुरुजींनी आणि अधीक्षकांनी पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला एकांतात नेऊन, त्याच्या गोंडीत विचारून पाहावे. आणि अंगणवाडीत किंवा शाळेत मुले तपासायला सरकारी पथक येईल तेव्हा, "हेही पाहिले का?" असे विचारायला कोणी संकोचू नये.

त्या मुलाचे आता लग्न झाले आहे आणि त्याला एक मुलगी आहे. ही गोष्ट सभेत सांगू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "नाव नका सांगू भाऊ, पण गोष्ट सांगा." ती मी सांगितली. आज घरी गेल्यावर तुम्ही ती आपल्या मुलांना सांगावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.