आईचं ताट आणि आपली साखर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा मला निरोप होता, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर दहा मिनिटं बोल. फक्त 'रोज चाला आणि गोड खाऊ नका' एवढं सांगू नकोस, ते आम्ही घरी रोज ऐकतो." मान्य. मी आज तुमच्या ताटाबद्दल बोलणार नाही. तुमच्या आयांच्या ताटाबद्दल बोलणार आहे.

आपण १९८८च्या दहावीचे. म्हणजे बहुतेकांचा जन्म १९७२-७३चा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात हे साल उच्चारलं की पुढचं सांगावं लागत नाही. लागोपाठ पावसानं दगा दिला होता, विहिरी आटल्या होत्या, दावणी रिकाम्या झाल्या होत्या. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यांत आपल्या आया होत्या. कुणी खडी फोडत होती, कुणी पाझर तलावाची माती वाहत होती. माझी आई सातव्या महिन्यापर्यंत खडीवर जात होती. खायला मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या कामांनी आणि त्या सुकडीनं लाखो जीव तगले, आपणही तगलो, हे कृतज्ञतेनं सांगितलंच पाहिजे. पण तगणं वेगळं आणि पोसलं जाणं वेगळं.

आता जरा दूर जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम नेदरलँडची रसद तोडली. धडधाकट माणसालाही दिवसाला हजार कॅलरींपेक्षा कमी शिधा मिळू लागला. मे १९४५मध्ये देश मुक्त झाला, अन्न आलं आणि लोक ते दिवस मागे टाकून पुढे गेले. पण तिथल्या दवाखान्यांत बाळंतपणाच्या नोंदी नीट जपलेल्या होत्या. पन्नासेक वर्षांनी डॉक्टरांनी त्या नोंदींवरून माणसं शोधून काढली. जी माणसं उपासमारीच्या काळात आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराला साखर पेलणं इतरांपेक्षा जड जात होतं. उपासमार आईनं सोसली होती आणि तिचा हिशेब मूल पन्नाशीत चुकतं करत होतं.

असं का होतं? बाळाला रसद कमी पडली की ते काटकसर करतं. आधी मेंदू सांभाळतं. मग कात्री लागते ती स्नायूंना, मूत्रपिंडाला आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाला. जन्मानंतरही ओढगस्त असेल तर ते कसंबसं निभतं. पण पुढे पोटभर खाणं, बैठं काम आणि मोटारसायकल आली की लहान इंजिनावर मोठा बोजा पडतो.

आपल्याकडे याचा सगळ्यांत बारकाईनं अभ्यास झाला तो पुण्यात. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भार राहण्याच्या आधीपासून त्यांची वजनं घेतली, खाणं लिहून ठेवलं आणि पुढे त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची होती. आपली बाळं लहान, हे तर आपल्याला माहीतच होतं. नवल पुढेच होतं. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

याज्ञिक सरांचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा, जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी काढलेला फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या वर्गातले कितीतरी जण मला विचारतात, "मी तर बारीक आहे, मला कशी साखर?" या फोटोत त्याचं बरंचसं उत्तर आहे. साखरेला कारणं अनेक असतात, त्यामुळे कुणा एकाची साखर दुष्काळाच्या माथी मारता येणार नाही आणि रोजचं चालणंही टळणार नाही. पण तुमचा आजार हा सगळा तुमच्या जिभेचा दोष नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पुण्याच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिली, बाळाची वाढ केवळ भाकरी किती खाल्ली यावर ठरत नव्हती. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार होतं, त्यांची बाळं थोराड होती. दुसरी, ज्या आया गर्भारपणात शेतात आणि पाण्यासाठी जास्त राबल्या, त्यांची बाळं लहान होती. म्हणजे ताटात काय आहे याला जसं महत्त्व आहे, तसं विहीर किती लांब आहे यालाही आहे. पाऊस, पाणी आणि बाळंतपण ही खाती सरकारदरबारी वेगळी असतील, बाईच्या अंगात ती एकच आहेत.

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातही हेच. तिथं पावसाळ्यात कणगी रिकाम्या होतात आणि शेतीचं काम नेमकं तेव्हाच सर्वांत जास्त असतं. त्या दिवसांत जन्मणारी बाळं हलकी असत. तिथल्या खेड्यांत गर्भार बायकांना रोज शेंगदाण्याची बिस्किटं दिली. १९९७ साली निष्कर्ष आले. उपासमारीच्या मोसमात जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी २०१ ग्रॅमनं वाढलं होतं. शेंगदाणे आपल्याला नवीन नाहीत.

मग प्रश्न येतो, हे खाणं सुरू कधी करायचं? मुंबईच्या वस्त्यांमध्ये यावर मोठा प्रयोग झाला. सहा हजारांहून जास्त स्त्रियांनी त्यात भाग घेतला. निम्म्या जणींना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला, बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. खाऊ सुरू केला तो गर्भ राहण्याच्या आधीपासून. सगळ्या बाळांचं मिळून वजन फारसं वाढलं नाही. पण ज्या आयांनी गर्भ राहण्यापूर्वी तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ तो खाल्ला होता, त्यांची बाळं थोडी वजनदार झाली. आणि गर्भारपणातला मधुमेह, जो दुसऱ्या गटात शंभरात बारा जणींना झाला, तो पालेभाजीच्या गटात सात जणींनाच झाला. आईला गर्भारपणात मधुमेह असला की मुलालाही पुढे त्याचा धोका वाढतो. आजीची उपासमार आणि नातवाची साखर अशी साखळी जोडली जाते. ती एका वाटीभर खाण्यानं थोडी तरी सैल होते.

मी तीस वर्षं बाळंतपणं करते आहे. दवाखान्यात मुलगी येते तेव्हा तिसरा महिना लागलेला असतो. बाळाचे अवयव तोवर आकाराला आलेले असतात. मी लोहाच्या गोळ्या लिहून देते, सासूबाई डिंकाचे लाडू करतात, सगळे मनापासून करतात. पण ही तयारी आधीच व्हायला हवी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं आहे. आता आपल्या भागात पाणी आलं, ऊस आणि डाळिंब आलं, पैसाही आला. पण बांधावरची चाकवत, माठ, राजगिरा मात्र मागे पडला, आणि भाजी आठवडी बाजाराची झाली. पाऊस पुन्हा बेभरवशाचा झालाय. शिवाय कितीतरी घरांत अजूनही बाई शेवटी जेवते. तोवर पातेल्यात रस्सा उरतो, भाजी उरत नाही.

म्हणून आज दोन मागणी करते.

पहिली घरासाठी. आपण आता आजी-आजोबा होण्याच्या वयाचे आहोत. मुलीचं, सुनेचं लग्न ठरलं की दागिन्यांच्या आधी तिचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, ते डॉक्टरांना विचारा. आणि जेवायला सगळे एकदम बसा.

दुसरी शाळेसाठी. शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत मिळतो. नववी-दहावीच्या मुलींना तो नाही. ज्या वयात अंगावरून रक्त जायला लागलेलं असतं आणि उंचीही वाढत असते, नेमक्या त्याच वयात डबा नसेल तर त्या उपाशी बसतात. आपल्या वाड्यावस्त्यांवरून सायकलनं येणाऱ्या या मुली पुढच्या आठ-दहा वर्षांत आया होतील. आपण बॅचतर्फे प्रवेशद्वारावर कमान बांधायला निधी जमवतो आहोत. कमान जरूर बांधू. पण त्यातला काही भाग बाजूला काढून नववी-दहावीच्या मुलामुलींना रोज गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि जे खातात त्यांना उकडलेलं अंडं देता येईल का? शाळेच्या विहिरीलगत पालेभाज्यांची परसबाग करता येईल का? वर्षातून एकदा मुलींचं रक्त तपासायला मी स्वतः येईन, त्याचे पैसे नकोत. आपल्यात शेतकरी आहेत, किराणा दुकानदार आहेत, शिक्षक आहेत. पैशांपेक्षा या लोकांची जास्त गरज आहे.

जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर मी एक वही ठेवते आहे. कोण महिन्याचे किती शेंगदाणे देणार, परसबागेचं पाणी कोण पाहणार, एवढंच त्यात लिहायचं आहे. मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे, ते तयार आहेत.

कमानीची उंची दोन फूट कमी झाली तरी आपली नावं वाचता येतील.