पार्श्वाकृती विमाने : एक छंद आणि त्याची शाळेतील जागा



हस्तव्यवसायाच्या तासाला सूतकताई, मातकाम, कागदकाम हे विषय आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु पाचवी-सहावीच्या वयाचा मुलगा आकाशात विमानाचा आवाज ऐकताच लेखणी खाली ठेवून अंगणात धावतो, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. या धावण्याला शिस्तीचा अडथळा मानावे, की शिक्षणाचे दार मानावे, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. ते दार उघडणारा एक स्वस्त आणि साधा छंद म्हणजे पार्श्वाकृती विमाने तयार करणे.

पार्श्वाकृती म्हणजे बाजूने दिसणारी बाह्यरेषा. नेहमीच्या प्रतिकृतीत विमानाचे धड गोलाकार कोरावे लागते किंवा काड्यांचा सांगाडा उभारून त्यावर कागद ताणावा लागतो. पार्श्वाकृती प्रतिकृतीत धड म्हणजे एक सपाट फळी. विमान बाजूने जसे दिसते तशी तिची कड कापावयाची, पंखासाठी व आडव्या शेपटीसाठी खाचा पाडावयाच्या, आणि त्यांतून सपाट पंख व शेपटी आरपार घालून सरसाने चिकटवावयाची. समोरून पाहिले तर हे विमान कागदासारखे पातळ दिसते. बाजूने पाहिले की मात्र ते तात्काळ ओळखू येते. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास दोन तारांनी ताब्यात ठेवावयाची इंजिनाची छोटी विमाने लोकप्रिय केली. पुढे या तारेच्या विमानांत पार्श्वाकृतीचा प्रकार रूढ झाला. कारण विमान आपटले तरी एकच फळी मोडे आणि ती एका संध्याकाळी पुन्हा कापता येई. इंजिन व तारा हे प्रौढांचे काम आहे, आणि विजेच्या तारांजवळ तर ते प्राणघातक आहे. प्राथमिक शाळेने हाताने सोडावयाच्या तरंगत्या विमानावर समाधान मानावे.

कोणते विमान निवडावे, येथूनच विचाराला आरंभ होतो. ज्या विमानाची ओळख त्याच्या बाह्यरेषेत आहे, तेच या कामास योग्य. ज्यांचे इंजिन लांबट व चिंचोळे होते, अशी १९३५ ते १९४५ या काळातील लढाऊ विमाने त्यासाठी उत्तम. इंग्लंडचे ‘स्पिटफायर’ हे त्यांतील उत्कृष्ट उदाहरण होय. उलट, ज्या विमानाचे इंजिन वाटोळे व धड पिंपासारखे जाड आहे, त्याचा मुख्य गुण सपाट फळीत नाहीसा होतो. आपल्या परिचयाचे ‘नॅट’ हे छोटे जेट विमानही फळीत थोडे रुसते. कारण त्याच्या धडाच्या दोन्ही बाजूंस असलेली हवा आत घेण्याची तोंडे केवळ रंगानेच दाखवावी लागतात. कोणती गोष्ट टाकली असता वस्तूची ओळख टिकते आणि कोणती टाकली असता ती जाते, हे मुलाने स्वतः ठरविणे म्हणजेच आराखड्याचे शिक्षण.

आता गणित पाहावे. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर होती. १:२४ हे प्रमाण घेतले तर पंखविस्तार सुमारे ४६.८ सेंटिमीटर व लांबी ३८ सेंटिमीटर येते. हा भागाकार मुलांनीच करावा. ज्याला प्रमाणाची उदाहरणे फळ्यावर कंटाळवाणी वाटतात, तोच मुलगा येथे दशांशचिन्ह जपून मांडतो. कारण ते चुकले तर पंख धडाशी जुळणार नाही, हे त्याला दिसत असते. त्यानंतर पुढचा प्रश्न विचारावा. मूळ विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २२.५ चौरस मीटर होते. मग प्रतिकृतीचे किती? पुष्कळ मुले २४ ने भागतील. चौकटीच्या कागदावर मोजून पाहिले म्हणजे त्यांना कळेल की २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ ने भागावयास हवे. उत्तर सुमारे ३९० चौरस सेंटिमीटर. लांबी एका मानाने बदलते, क्षेत्रफळ तिच्या वर्गाच्या मानाने बदलते, हा नियम मग पाठ करून घ्यावा लागत नाही.

साहित्याची अडचण फार मोठी नाही. परदेशात या कामास दक्षिण अमेरिकेतील बाल्सा नावाचे अत्यंत हलके लाकूड वापरतात. ते न मिळाल्यास सावर किंवा पांगारा यांच्या हलक्या लाकडाची पातळ फळी सुताराकडून काढून घ्यावी. तेही नसेल तर धडासाठी जाड पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवावे आणि पंखांसाठी एकच थर घ्यावा. लाकडाच्या रेषा धडात लांबीच्या दिशेने व पंखात विस्ताराच्या दिशेने असाव्यात. आडव्या रेषांचा पंख पहिल्याच उड्डाणात मोडतो. आराखडा कागदावर पूर्ण काढून मगच कार्बनने फळीवर उतरवावा. कापण्याचे काम शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, पाते नेहमी हाताच्या बोटांपासून दूर जाईल असे चालवावे, आणि कडा काचकागदाने गोलसर कराव्यात.

मुलाने केलेले पहिले विमान बहुधा उडत नाही. ते नाक वर करते, क्षणभर थांबते आणि शेपटीवर कोसळते. शिक्षकाची खरी कसोटी याच क्षणी असते. “फेकून दे, दुसरे कर,” असे म्हणणे सोपे आहे, “ते असे का पडले?” असे विचारणे हे अध्यापन आहे. विमान दोन बोटांच्या टोकांवर पंखांखाली तोलून धरावे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान ते समतोल राहिले पाहिजे. मागे झुकत असेल तर नाकावर मातीची गोळी लावावी. सरळ जमिनीत घुसत असेल तर थोडी माती काढावी. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक फेक वहीत नोंदवावी. मूळ विमानाची आडवी शेपटी लहान असेल तर प्रतिकृतीत ती थोडी मोठी करावी लागते. पंखांची टोके किंचित वर उचलली तर विमान एका अंगावर कलंडले तरी पुन्हा सावरते. गुरुत्वमध्य, समतोल, प्रयोग, निरीक्षण हे शब्द पुस्तकात येण्यापूर्वी मुलाच्या हातात येतात.

शाळेतील मुलांच्या अशा कामास एके काळी राष्ट्रीय महत्त्व आले होते. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांना विमानांच्या ५ लाख लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. त्या पार्श्वाकृती नव्हत्या, भरीव होत्या. प्रमाण १:७२ आणि रंग काळा. आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते, हे सैनिकांना केवळ आकृतीवरून ओळखता यावे, हा हेतू. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे २,५०० फुटांवरील, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. त्या कामात मापाची चूक म्हणजे स्वकीयांवर गोळी चालण्याचा संभव होता.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. लहान मुलांच्या हाती युद्धविमान द्यावे काय? ज्या देशाने अहिंसेचा पाठ जगाला दिला, त्याच्या शाळेत संहाराच्या साधनाची खेळणी व्हावीत काय? आक्षेप खरा आहे. विमानांनीच १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी ही शहरे भस्मसात केली, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. परंतु आकर्षण झाकून ठेवल्याने ते नाहीसे होत नाही. मुलगा ते वर्गाबाहेर, अर्थावाचून, केवळ धडाडधूम म्हणून जोपासतो. शिक्षकाने त्या आकर्षणाला माणसांची ओळख जोडून द्यावी.

पार्श्वाकृतीत वैमानिकाची जागा केवळ एका रेषेने दाखविलेली असते. ती रेषा काढताना मुलांना विचारावे, “येथे कोण बसत असेल?” मग स्पिटफायरचे रचनाकार आर. जे. मिचेल यांची हकीकत सांगावी. १९३३ साली त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तरी त्यांनी काम सोडले नाही. ५ मार्च १९३६ रोजी ते विमान प्रथम उडाले आणि ११ जून १९३७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, मिचेल निवर्तले. १९३८ साली आपले विमान वायुदलात दाखल झालेले त्यांना पाहावयास मिळाले नाही. नॅट करणाऱ्या मुलांना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचे नाव सांगावे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला होत असताना ते नॅट घेऊन एकटे अनेक विमानांशी लढले व धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. शौर्याचे मोल आणि युद्धाची किंमत, या दोन्ही गोष्टी मुलाला एकाच वेळी कळाव्यात, हे या कामाचे संस्कारमूल्य आहे.

आरंभ अगदी लहान असावा. चार मुलांचा एक गट, एक विमान आणि आठवड्यातून एक तास पुरे. मुलींना या गटांतून वगळू नये. मोजमाप व हातकौशल्य ही कोणा एकाची मिरास नव्हे. गणितात मागे असलेल्या मुलाकडे आराखड्याचे व अबोल मुलाकडे उड्डाणाच्या नोंदवहीचे काम द्यावे. सत्राच्या अखेरीस गावकऱ्यांना बोलावून प्रदर्शन भरवावे. प्रत्येक विमानाखाली त्याचे नाव, प्रमाण, प्रथम उड्डाणाचे वर्ष आणि त्याच्याशी निगडित एका माणसाची हकीकत मुलांच्याच अक्षरात लिहिलेली असावी. मोडलेली विमानेही मांडावीत. त्यांच्याखाली ती का मोडली हे लिहावे. ज्या शाळेत मोडलेल्या वस्तूचे कारण निःसंकोचपणे लिहिले जाते, त्या शाळेतील मुले पुढच्या वेळी अधिक चांगली वस्तू घडवितात.