निवासी डॉक्टर आणि आपली जबाबदारी

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एका वृद्ध आप्तांना मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले. त्यांना श्वास लागला होता. एक तरुण डॉक्टर तपासू लागले, तोच आमच्यापैकी एकजण म्हणाला, "शिकाऊ नको, मोठ्या डॉक्टरांना बोलवा." असे म्हणणारा मीच होतो. त्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले, दूरध्वनीवरून वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि पहाटेपर्यंत ते खाटेजवळून हलले नाहीत. त्या रात्रीचे ऋण माझ्यावर आहे. म्हणूनच आजचा विषय मी निवडला.

आपण ज्यांना 'शिकाऊ' म्हणतो ते निवासी डॉक्टर वस्तुतः पदवीधर व नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक असतात. साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता त्यांनी पूर्ण केलेली असते. त्यानंतर एम.डी. किंवा एम.एस. पदवीसाठी तीन वर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करीत ते शिकतात. हृदयरोगासारख्या विषयात अधिक प्रावीण्य मिळवावयाचे तर डी.एम. पदवीसाठी आणखी तीन वर्षे द्यावी लागतात. रोगाची लक्षणे ग्रंथातून कळतात. परंतु रोग ओळखणारी नजर रुग्णाच्या खाटेपाशीच घडते.

ही नजर गावातही घडली पाहिजे, हा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेथील नवागत विद्यार्थी आरंभीचे काही दिवस आश्रमात राहतात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी तेथील कुटुंबांच्या आरोग्याची माहिती ठेवतात. पदव्युत्तर प्रवेशाआधी दोन वर्षे ग्रामीण सेवेची अटही संस्थेने आपल्या पदवीधरांसाठी घातली होती. शेतात फवारणी करताना झालेली विषबाधा, पावसाळ्यातील सर्पदंश, विदर्भातील काही समाजांत आढळणारा सिकलसेल आजार, यांमागील परिस्थिती रुग्णाचे घर व शेत पाहिल्यावाचून पुरती उमगत नाही.

हाच विचार आता देशपातळीवरील नियमांतही आला आहे. 2020 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार प्रत्येक एम.डी., एम.एस. विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करावयाचे आहे. यास जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. महाविद्यालयाच्या मोठ्या इमारतीत सर्व साधने हाताशी असतात. येथे मर्यादित साधनांत निर्णय घ्यावा लागतो. असे डॉक्टर तीनच महिने आपल्याकडे असतात. ते केवळ रिकाम्या जागा भरण्यात खर्ची पडले, तर त्यांचे शिक्षण अपुरे राहील आणि पुढे त्याची किंमत आपल्याच रुग्णांना मोजावी लागेल.

यात आपण काय करू शकतो? अधिकाऱ्यांनी या डॉक्टरांची निवासाची सोय आणि तज्ज्ञांचे मार्गदर्शन यांकडे लक्ष द्यावे. 2023 च्या नियमांत वाजवी कामाचे तास व विश्रांतीची तरतूद आहे. जागरणाने थकलेला डॉक्टर रुग्णाच्याही हिताचा नसतो. पंचायत सदस्यांनी त्यांना गावात बोलवावे, पाण्याची विहीर, अंगणवाडी दाखवावी, आशा कार्यकर्तीची गाठ घालून द्यावी. शिक्षकांनी शाळेच्या आरोग्य तपासणीत त्यांना सहभागी करून घ्यावे.

उपचार कोण करीत आहे, वरिष्ठ कोण आहेत, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. तो त्याने अवश्य बजावावा. मात्र प्रश्न विचारणे वेगळे आणि अपमान करणे वेगळे. रुग्णालयात आवाज चढला की उपचार करणारा हात कचरतो, एवढे आपण ध्यानी ठेवावे.

आपल्या घरची मुलगी किंवा मुलगा उद्या असाच रात्रपाळीला उभा असेल. त्या वेळी गावकऱ्यांनी त्याच्याशी कसे वागावे असे आपणास वाटते, तसेच आज आपण वागू या. त्या रात्री मी जे बोललो ते परत घेता येत नाही. आपणावर ती वेळ येऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.