वीज, कुट्टी आणि आपले हात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतीमालाच्या भावाची लढाई आपण वर्षानुवर्षे लढतो आहोत. आज मी भावाबद्दल बोलणार नाही, हाताबद्दल बोलणार आहे. कापूस वेचायला बोटे लागतात, ज्वारी काढायला मूठ लागते. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ पाणी नाही, पैसा नाही. भांडवल काय ते हे दोन हात. आणि ते हात गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली, विजेवरच्या कडबा कुट्टीत जातात.

कुट्टी वाईट नाही. सबंध कडबा टाकला तर जनावर पाला खाते आणि धांडे पायाखाली तुडवते. कुट्टी केली की धांडेही पोटात जाते. दुष्काळी मुलखात एक पेंडीसुद्धा वाया घालवणे परवडत नाही. तेव्हा यंत्र पाहिजेच. पण बैल हाकेला थांबतो, मोटारीला हाक ऐकू येत नाही. कुट्टीचे चाक मिनिटाला 300 फेरे फिरते आणि त्याला दोन पाती आहेत असे धरा. म्हणजे सेकंदाला दहा घाव झाले. हात ओढला जातो आहे हे कळून तो मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला, तरी पाच घाव बसून गेलेले असतात. म्हणून 'मी सावध राहीन' हा भरवसा खोटा आहे. सावधगिरी बटण दाबायच्या आधी करून ठेवायची असते.

पहिली गोष्ट यंत्राच्या तोंडाची. मळणी यंत्रासाठी जे भारतीय मानक आहे, त्यात माल घालायची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब आणि तोंडाकडे 45 सेंटिमीटर झाकलेली असावी असे सांगितले आहे. कारण सरळ आहे. माणसाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत साधारण 70-75 सेंटिमीटर. जिथे हात पोचत नाही, तिथे हात तुटत नाही. आपल्या कुट्टीची पन्हळ आखूड असेल तर वेल्डिंगवाल्याकडून पत्रा लावून लांब करून घ्या आणि वरून झाका. पेंडीचे शेवटचे टोक हाताने रेटू नका. मागे दुसरी पेंडी लावा, ती पहिलीला पुढे नेते. पट्ट्यावर आणि पुलीवर जाळी बसवा. उपरणे, पदर, धोतराचा सोगा, हातातले कडे, मोकळे केस यांना यंत्राजवळ मज्जाव करा. पोरांना तर जवळ उभेही करू नका.

दुसरी गोष्ट वीज जाते तेव्हाची. कुट्टी चालू असते, वीज जाते, यंत्रात वैरण अडकलेली असते. माणूस म्हणतो, तेवढ्यात काढून घेऊ. हात आत जातो आणि वीज परत येते. साध्या बटणावर किंवा ऑटो स्टार्टरवर मोटार असेल तर ती त्या क्षणी आपोआप सुरू होते. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असेल तर वीज गेली की तो सुटतो आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. कुट्टीला असाच स्टार्टर हवा, ऑटो नको. आणि तो असला तरी आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग उपसा, आणि चाक पूर्ण थांबू द्या.

पात्याला धार लावतानाही हेच. पाते सोडवून बाहेर काढा. ग्राइंडरचे संरक्षक झाकण काढू नका, डोळ्यांना चष्मा लावा, आणि चकतीवर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा ग्राइंडरचे फेरे जास्त नसावेत.

तिसरी गोष्ट शॉकची. आपल्याला वाटते, फ्यूज आहे, काळजी नाही. फ्यूज वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. साठ वॅटचा जुना दिवा 230 व्होल्टवर सुमारे 260 मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाचा जीव जायला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. 10-15 मिलिअँपिअरलाच मूठ आवळते आणि धरलेले सुटत नाही. फ्यूज मात्र 15 अँपिअरचा, म्हणजे 15000 मिलिअँपिअरचा. त्यातही तो उडू नये म्हणून आपण जाड तार घालतो!

मग अर्थिंग काय करते? अर्थिंग चांगले असेल तर यंत्राच्या लोखंडात उतरलेला करंट जोराने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते. अर्थिंगचा रोध 23 ओहम झाला तर 230 व्होल्टला फक्त 10 अँपिअर जातील. फ्यूज उडणार नाही आणि लोखंड जिवंत राहील. कुट्टी सगळ्यात जास्त चालते उन्हाळ्यात, आणि अर्थिंग सगळ्यात कच्चे असते तेही उन्हाळ्यातच. म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओता, आणि वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. तो अर्थिंग कच्चे असले तरी एवढ्याशा गळतीला क्षणात वीज तोडतो. अर्थिंगची जागा मात्र तो घेत नाही, दोन्ही पाहिजेत. एका क्विंटल कापसाच्या पैशात तो येतो. त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

एवढे करूनही अपघात झालाच तर? शॉक लागलेल्याला उघड्या हाताने धरू नका. आधी वीज बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबत राहा आणि 108 ला फोन करायला लावा. बोट तुटले तर जखम स्वच्छ फडक्याने दाबून धरा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका. हळद, चुना, काहीही लावू नका.

आणखी एक कडू गोष्ट. यंत्रावर पुष्कळदा आपला सालगडी किंवा मजुरीची बाई असते. शेतीतल्या धोकादायक यंत्रांसाठी 1983 साली केंद्राने कायदा केला, त्यात मजुराच्या भरपाईची जबाबदारी यंत्र चालवून घेणाऱ्यावर आहे. सरकारकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या गोठ्यात तो आधी द्यावा.

सरकारची मदतही आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत 2023 सालच्या निर्णयाप्रमाणे मृत्यूला 2 लाख आणि एक हात गेला तर 1 लाख ठरले. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. मिळत असेल तर सोडू नका. पण ध्यानात घ्या, कापसाच्या भावासारखा आपल्या हाताचा भावही दुसऱ्यानेच ठरवला आहे.

दिवसा आणि पुऱ्या दाबाची वीज मिळाली पाहिजे ही आपली मागणी कायम आहे. ती मिळेपर्यंत यंत्राजवळचा कारभार आपल्याच हातात आहे. आज घरी गेल्यावर तीन गोष्टी बघा: पन्हळ किती लांब आहे, स्टार्टर कोणता आहे, ईएलसीबी आहे की नाही. पुढच्या बैठकीत गावागावाने सांगावे, किती कुट्ट्यांवर तीन्ही झाले.